डोळ्यांवरचा रुमाल

गेल्या महिन्यात गिरगावात वहिनीकडे गेले होते. आमची चाळ पाडायची तारीख ठरली आहे, त्यामुळे घरात सगळीकडे खोकी, सुतळ्या आणि जुन्या वर्तमानपत्रांचे ढीग. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून वहिनीने प्लास्टिकच्या पिशवीतला एक गठ्ठा काढला आणि म्हणाली, "ताई, हे तुम्हीच ठेवा. टाकवत नाही आणि नव्या घरी न्यावंसंही वाटत नाही."

तेवीस पत्रं होती. माझ्या धाकट्या भावाने मेल्यानंतर लिहिलेली, म्हणजे तसं आम्हाला सांगण्यात आलेली.

याबद्दल मी इथे आजवर लिहिलं नव्हतं. मृतात्म्यांशी संवाद होऊ शकतो असं मी मानते. हे उघड म्हटलं की अर्धे लोक हसतात आणि उरलेले फोन नंबर मागतात. पण ती पिशवी बोरिवलीला घेऊन आले, पुन्हा एकदा सगळी पत्रं वाचली, आणि वाटलं की आता लिहायला हवं.

सुरुवात १९७३ सालातली. मी चौदा वर्षांची, भाऊ अकरा. आमच्या मजल्यावर पोस्टात नोकरीला असलेले एक काका होते, ते शनिवारी रात्री प्लँचेट करायचे. पाटावर खडूने गोलात अक्षरं, एका बाजूला 'हो', दुसऱ्या बाजूला 'नाही', मध्ये उपडी घातलेली स्टीलची वाटी. उदबत्ती लावायची, दिवा बारीक करायचा आणि तिघांनी वाटीवर एकेक बोट ठेवायचं. वाटी खरंच सरकायची. मॅट्रिकचा निकाल, कुणाची बदली, हरवलेली अंगठी, सगळं विचारून व्हायचं. एका शनिवारी माझा भाऊ म्हणाला, "काका, आज सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधू या. आत्म्याला दिसतंय ना, मग आपल्याला दिसायची काय गरज?" काका भला माणूस. त्यांनी रुमाल बांधू दिले. भावाने गुपचूप पाट अर्धा फिरवला. त्या रात्री वाटी भरपूर फिरली, पण एकही शब्द जुळला नाही.

मोठेपणी कळलं की शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८५३ मध्ये लंडनमध्ये फिरत्या टेबलांवर, म्हणजे हात ठेवले की आत्मे हलवतात असं लोक मानायचे त्या टेबलांवर, अशीच परीक्षा केली होती. हाताखाली सरकणाऱ्या पुठ्ठ्यांचे थर ठेवून त्याने दाखवलं की टेबल आधी हलत नाही, आधी हात ढकलतात, आणि ढकलणाऱ्याला ते कळतही नाही. तो लबाडी करत नसतो. काकाही करत नव्हते.

भाऊ पुढे लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. मी फोर्टातल्या एका कोर्टात दुभाषी झाले, तेहतीस वर्षं तेच केलं. तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेला. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी संपलं.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तास झाला, दीड तास झाला. सगळे आळीपाळीने हात जोडून पुढे होत होते. पोरीचं शिक्षण बघू, वहिनीला अंतर देणार नाही, घराचे हप्ते फेडू, सगळं बोलून झालं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी येताना टॅक्सीत वहिनी एकच वाक्य बोलली, "काय राहिलं असेल हो त्यांच्या मनात?" ते वाक्य तिला पुढे दोन वर्षं सोडून गेलं नाही. कुणीतरी तिला उपनगरातल्या एका बाईंचा पत्ता दिला. त्या स्वयंलेखन करतात, हातातून आत्मा लिहितो, असं सांगितलं. पहिल्या वेळी वहिनीबरोबर मीही गेले.

बाई शांत, नीटनेटक्या. देव्हाऱ्यासमोर बसवलं, फोटो मागितला, पाच मिनिटं डोळे मिटले आणि मग झरझर दीड पान लिहिलं. ते पहिलं पत्र आत्ता माझ्यासमोर आहे. 'माझी प्रिय' अशी सुरुवात. 'मी प्रकाशात आहे, इथे खूप शांतता आहे. माझी काळजी करू नकोस. ताईला सांग, तिने मला आईची माया दिली.' वहिनी ओक्साबोक्शी रडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "सव्वीस वर्षांत कधी प्रिय म्हणाले नाहीत. आज म्हणाले."

मी गप्प राहिले, कारण तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडा उजेड आला होता. पण माझ्या कानाला पहिल्याच वाचनात खटका बसला होता. भावाने मला जन्मात ताई म्हटलं नाही. मी त्याची अक्का. 'अक्के, चहा टाक', 'अक्के, तुझं काय जातंय'. मला ताई म्हणते ती वहिनी. आणि त्या बाईंच्या दारात शिरताना तिनेच माझी ओळख करून दिली होती, "या ताई, ह्यांची मोठी बहीण."

त्याच सुमाराला मी मृतात्म्यांशी संवादावर लिहिणाऱ्या ॲलन कार्डेक या फ्रेंच माणसाचं लिखाण इंग्रजी भाषांतरातून वाचायला घेतलं. कार्डेक हे टोपणनाव. मूळचा हिप्पोलित रिव्हाय, १८०४ मध्ये ल्यों शहरात जन्मलेला, स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझींच्या शाळेत शिकलेला आणि पॅरिसमध्ये गणित-व्याकरणाची पाठ्यपुस्तकं लिहिणारा मास्तर. १८५५ मध्ये त्याने पहिल्यांदा फिरतं टेबल पाहिलं, तेव्हा पन्नाशी उलटली होती. चमत्कार बघून तो दिपला नाही. वहीत प्रश्न लिहून बैठकीला जाऊ लागला. एका माध्यमाकडून, म्हणजे ज्याच्यातून आत्मा बोलतो किंवा लिहितो अशा माणसाकडून, आलेलं उत्तर दुसऱ्याकडून आलेल्या उत्तराशी ताडून बघायचं, जुळलं तर ठेवायचं, असा त्याचा रिवाज. त्यातून १८ एप्रिल १८५७ ला आत्म्यांवरचा ग्रंथ निघाला. त्यात ५०१ प्रश्नोत्तरं होती, १८६० च्या आवृत्तीत ती १०१९ झाली. पाठोपाठ १८६१ मध्ये माध्यमांवरचा ग्रंथ आला. मला जास्त कामाचा वाटला तो हा दुसरा.

मराठी माणसाला कार्डेक परका वाटत नाही. तो पुनर्जन्म मानतो. अमेरिका-इंग्लंडातल्या आत्मावाद्यांना, म्हणजे मृतांशी बोलता येतं असं मानणाऱ्यांना, पुनर्जन्म बहुतांशी मान्य नव्हता. शरीर आणि आत्मा यांच्यामधल्या ज्या अर्धसूक्ष्म आवरणाला तो 'पेरिस्पिरिट' म्हणतो, ते वाचताना आपल्याला लिंगदेह आठवल्याशिवाय राहत नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्याशी मात्र त्याचं जमत नाही. माणसाचा आत्मा मागे फिरून पशूच्या देहात जात नाही, असं त्याचं स्पष्ट म्हणणं आहे.

माध्यम होण्याची शक्ती थोडीफार प्रत्येकात असते, पण ज्याच्यात ती ठळक दिसते त्यालाच माध्यम म्हणायचं, असं तो सांगतो. मग प्रकार: ऐकणारे, पाहणारे, बोलणारे, बरं करणारे, लिहिणारे. आमच्या कोकणात देवळात अवसर येतो तो त्याच्या हिशेबात बोलणाऱ्यांत बसला असता. लिहिणाऱ्यांतही त्याने फरक केला आहे. एकाचा हात आपोआप चालतो आणि काय लिहिलं ते त्याला लिहून झाल्यावर कळतं. दुसऱ्याच्या मनात आधी विचार येतो आणि मग तो लिहितो. यातला दुसरा सगळ्यात फसवा, कारण विचार स्वतःचा की आलेला, हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही.

एकोणिसाव्या प्रकरणाशी येऊन मी पुस्तक मिटून बसले. तिथे म्हटलं आहे की आत्मा शब्द पाठवत नाही, विचार पाठवतो. त्याला शब्दांचे कपडे चढतात ते माध्यमाच्या डोक्यात असलेल्या सामानातून. माध्यम हा दुभाषी आहे.

दुभाषी! माझ्या तेहतीस वर्षांच्या धंद्याचं नाव.

एक खटला आठवला. मालमत्तेचा वाद, साक्षीला मालवणकडची ऐंशीच्या घरातली आजी. समोर उभ्या असलेल्या मुलाकडे बोट दाखवून वकिलाने विचारलं, हे कोण? आजी म्हणाली, "ह्येका मी वळखूक नाय." शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं असतं तर आजीने शपथेवर खोटं सांगितल्याची नोंद झाली असती. मी थांबले, न्यायाधीशांना सांगितलं की या वाक्याला आणखी एक अर्थ आहे, कृपया पुन्हा विचारावं. पुन्हा विचारल्यावर आजी म्हणाली, "माझ्याच पोटचो तो. पण आता वळखूक नाय." तिचे शब्द कागदावर तसेच उतरले नाहीत, उतरूही शकत नव्हते. पण म्हणणं तिचंच उतरलं.

म्हणून त्या पत्रात 'ताई' आलं एवढ्यावरून मी लगेच निकाल देऊ शकत नव्हते. कार्डेकचं ऐकलं तर बाईंची बाजू घेता येत होती: भावाने 'बहीण' एवढाच विचार पाठवला, बाईंच्या डोक्यात 'ताई' हा शब्द तयार होता, तोच बाहेर आला. 'प्रिय'चंही तसंच. काही आठवडे मी स्वतःला हेच समजावत होते. कारण मलाही तो हवा होता. वहिनीपेक्षा कमी नव्हे.

पण चोविसाव्या प्रकरणात कार्डेक आत्म्याच्या ओळखीबद्दल लिहितो, आणि तिथे तो दुभाष्याला अशी सूट देत नाही. थोरामोठ्यांच्या नावाने संदेश आला तर नावाकडे बघू नका, मजकूर त्या नावाला शोभतो का ते बघा. उनाड आत्मे मोठी नावं लावून मिरवतात. आपल्या ओळखीच्या, नुकत्याच गेलेल्या माणसाची पारख तुलनेने सोपी, कारण आपल्याला त्याचा स्वभाव, सवयी, बोलायची तऱ्हा माहीत असते, आणि त्या सवयी त्याच्याही लगेच सुटलेल्या नसतात. पुरावा खोदून मागू नका, तो बोलता बोलता आपसूक येऊ द्या, असंही तो सांगतो.

मग मी तेव्हापर्यंत आलेली अकरा पत्रं घेऊन बसले आणि पेन्सिलीने फक्त भावाचा विचार शोधला. शब्द बाईंचे असू देत, म्हणणं त्याचं कुठे आहे? एकाही पत्रात कसली शंका नव्हती, कशावर चिडणं नव्हतं. दुसऱ्याने लावलेला स्क्रू पुन्हा उघडून बघणारा हा माणूस. मरणानंतर जर खरंच कुणाच्या हातून लिहू शकला असता, तर पहिल्या ओळीत त्याने विचारलं असतं, "अक्के, रुमाल बांधलास का?"

त्याच ग्रंथात एरास्तस या नावाने आलेला एक संदेश आहे: एक असत्य स्वीकारण्यापेक्षा दहा सत्यं नाकारलेली बरी. मृतात्मे बोलतात असं ज्याने आयुष्यभर लिहिलं, त्याच्या पुस्तकात हे छापलेलं आहे, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसला. आपल्याकडे श्रद्धा ठेवायची तर प्रश्न विचारू नयेत अशी समजूत आहे. इथे उलट होतं.

मी हे वहिनीला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी चूक. लॉकडाऊन लागला, भेटी बंद झाल्या, पत्रांचे फोटो फोनवर यायला लागले आणि दर पत्राचे पैसे मोबाईलवरून जायला लागले. मधल्या काळात पत्रांचा सूर बदलला. प्रकाश आणि शांतता मागे पडली, सल्ले सुरू झाले. एकविसाव्या पत्रात होतं, 'पोरीला लांब पाठवू नकोस.' भाचीला बंगळुरूला चांगली नोकरी लागली होती. वहिनीने तिला जाऊ दिलं नाही. मुदत टळली, ती जागा गेली.

कार्डेकने याच वळणाचा इशारा दिला आहे. पैसा, लग्न, नोकरी, गुप्तधन यांसाठी आत्म्यांना विचारू नका, असल्या प्रश्नांना उथळ आत्मेच उत्साहाने उत्तरं देतात. आणि आहारी जाण्याच्या तीन पायऱ्या तो सांगतो: आधी साधा त्रास, मग भुरळ, मग पुरता ताबा. मधली पायरी त्याला मोठी घातक वाटते, कारण भुरळ पडलेल्या माणसाला आपण फसतोय हे दिसतच नाही, आणि दाखवणाऱ्याचाच तो राग करतो. लहान मुलांना आणि मनाने हळव्या झालेल्यांना या वाटेला लावू नये, हेही त्याने लिहून ठेवलं आहे. पैशांबद्दल तर शंकाच नाही: फुकट मिळालं ते फुकट द्या. ठरल्या वेळी, ठरल्या दराने चांगला आत्मा कुणाच्या दाराशी येऊन उभा राहत नाही.

याबाबतीत मला ब्राझीलच्या शिको शाव्हिएरचा फार आदर वाटतो. १९१० ते २००२ असं आयुष्य, कार्डेकचा अनुयायी, स्वयंलेखनातून चारशेच्या वर पुस्तकं लिहिली आणि त्यांचं मानधन धर्मादाय कामांना दिलं. गोइयानिया शहरात १९७६ मध्ये एका तरुणाच्या हातून बंदूक सुटून त्याचा मित्र मेला. मेलेल्या मुलाच्या नावाने शाव्हिएरने लिहिलेलं पत्र खटल्यात दाखल झालं. पत्रात होतं, हा अपघात होता, मित्राचा दोष नाही. १९७९ मध्ये न्यायाधीशाने आरोपीला सोडलं आणि निकालात त्या पत्राचा उल्लेख केला. मृत मुलाच्या आईवडिलांना त्यातून शांती मिळाली असेल तर ती मी कोण हिरावून घेणार? पण कोर्टात हयात घालवलेली बाई म्हणून मला हे पटत नाही. ज्याची उलटतपासणी घेता येत नाही, त्याचा शब्द पुरावा कसा व्हायचा? उद्या दुसऱ्या कुणा माध्यमाने उलट पत्र आणलं तर?

आणि हा वाद आमच्या गिरगावाला नवा नाही. थिऑसॉफी या पंथाचे संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १६ फेब्रुवारी १८७९ ला मुंबई बंदरात उतरले आणि गिरगाव बॅक रोडवर राहिले. दोघांची पहिली भेट १८७४ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये झाली होती, आत्मे दिसतात म्हणून गाजलेल्या एका शेतघरात. तरी त्यांच्या थिऑसॉफीने पुढे माध्यमांच्या बैठकांपासून लोकांना सावध केलं. तिथे येतो तो बहुधा गेलेल्या माणसाचा खरा आत्मा नसतो, मागे राहिलेलं टरफल असतं, असं त्यांचं मत. कार्डेकला हे मान्य झालं नसतं. मीही टरफलवाली नाही. पण चाळीच्या गॅलरीत उभी राहिले की वाटतं, दीडशे वर्षांपूर्वी याच गल्ल्यांत कुणीतरी कंदिलाच्या उजेडात हेच भांडत होतं.

वहिनीचा पीळ सोडवला भाचीने. २०२१ ची सर्वपित्री अमावास्या. पान वाढून कावळ्याची वाट बघत होतो. भाची म्हणाली, "आई, बाबा जिवंत असताना मला काय म्हणायचे? काम मिळेल तिथे जायचं, मुंबईला चिकटून बसायचं नाही. मेल्यावर बाबा बदलले का?" वहिनी काही बोलली नाही. संध्याकाळी मी माझी वही काढली. कार्डेकचे काही प्रश्न मी माझ्यापुरते मराठीत उतरवले होते, ते तिला वाचून दाखवले. मृतांच्या स्मरणाचा दिवस आत्म्यांना विशेष असतो का? उत्तर: मनापासून आठवण काढली की ते त्या दिवशी येतात तसे इतर दिवशीही येतात. मागे राहिलेल्यांच्या न संपणाऱ्या दुःखाचा त्यांच्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न ९३६ वा. आठवण आणि खंत त्यांना भिडते, पण अखंड, बेबंद शोकाने त्यांना यातना होतात. आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात ना, फार रडू नका, त्याची वाट ओली होते. तेच.

ऐकून वहिनी म्हणाली, "मग 'प्रिय' कोणी लिहिलं?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही. त्या बाई जाणूनबुजून फसवत होत्या असं मी म्हणणार नाही, काकांची वाटी मी पाहिलेली आहे. पण ते भावाने लिहिलं नव्हतं, हे मी वहिनीला त्या रात्री सांगितलं. दोन वर्षं उशिराने सांगितलं. ती बराच वेळ ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तेवीसच्या पुढे पत्रं आली नाहीत. भाची पुढच्या वर्षी पुण्याला लागली.

आता माझं. लिहिण्याची शक्ती आपल्यात आहे का, हे पाहायची साधी रीत कार्डेकने दिली आहे. प्रार्थना करायची, कागदावर पेन्सिल टेकवायची, हात सैल सोडायचा आणि रोज दहा-पंधरा मिनिटं बसायचं. कुणाला पहिल्याच दिवशी जमतं, कुणाला कित्येक महिने लागतात, कुणाला कधीच जमत नाही. रोज बसणं मला झेपत नाही, मी गुरुवारी बसते. दिवेलागण झाली की टेबलाशी, डोळ्यांवर रुमाल बांधून. दीड वर्ष नुसत्या रेघा आणि गिरगोट्या. सगळे कागद तारीख घालून फाईलला लावले आहेत.

पत्रांचा गठ्ठा घरी आणला त्याच आठवड्यात, गुरुवारी, रुमाल सोडला तर रेघांच्या शेवटी एक अक्षर होतं. वाकडं, पण ओळखू येण्यासारखं. 'अ'.

काळजात लक्कन हललं. मग विचार केला. लहानपणी पाटीवर पहिल्यांदा गिरवलं ते 'अ'च. हाताला सगळ्यात जुनी सवय त्याची. आठवडाभर तेवीस पत्रांतून मी 'अक्का' हाच एक शब्द शोधत होते, तो बोटांत उतरला नसेल कशावरून? दुसऱ्या दिवशी वहिनीला फोनवर सांगितलं तेव्हा ती श्वास रोखून म्हणाली, "ताई, अ म्हणजे अक्का." मी म्हटलं, "अ म्हणजे अ."

कागदावर तारीख घातली, वेळ सात वाजून दहा मिनिटं, आणि खाली कोर्टातल्या सवयीने लिहिलं: साक्षीदाराची ओळख पटलेली नाही. कागद फाईलला लावला. रुमाल धुऊन वाळत टाकला आहे, परवा गुरुवार.